पितळी बँड आणि मराठी 'चाल' : भिलाईच्या निमित्ताने

साहित्याच्या अभ्यासात बँडबाजाला सहसा प्रवेश मिळत नाही. तो शब्दहीन आहे, रस्त्यावरचा आहे आणि परक्याची नक्कल आहे, असा त्याच्याविषयीचा सर्वसाधारण समज. संगीताचे अभ्यासक त्याला शास्त्राबाहेरचा म्हणून सोडतात आणि साहित्याचे अभ्यासक तो आपला विषयच नव्हे म्हणून. परंतु ज्या भाषेच्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल – अमुक' अशी टीप देऊन पदाची ओळख करून देण्याचा प्रघात दीर्घकाळ चालला, त्या भाषेच्या अभ्यासकाला चालींची ने-आण करणाऱ्या संस्थेकडे इतक्या सहजपणे पाठ फिरवता येईल काय, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न पुण्यामुंबईऐवजी भिलाईपासून सुरू करण्यास कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याने वसवलेले, देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांचे हे नगर. ब्रिटनमध्ये ज्या परिस्थितीत पितळी बँड जन्मला आणि पोसला गेला, ती वरवर पाहता हीच परिस्थिती होय. यॉर्कशरमधील क्वीन्सबरी येथील 'ब्लॅक डाइक मिल्स' हा बँड १८५५ मध्ये जॉन फॉस्टर यांच्या लोकरगिरणीच्या आश्रयाने उभा राहिला. ग्राइमथॉर्प येथील बँड १९१७ मध्ये कोळशाच्या खाणकामगारांनी काढला. गिरणीचा भोंगा आणि बँडची तालीम ही एकाच वस्तीच्या दिनक्रमाची अंगे होती. ग्राइमथॉर्पची खाण १९९३ मध्ये बंद पडली, तरी बँड वाजत राहिला, ही गोष्ट १९९६ मधील 'ब्रास्ड ऑफ' या चित्रपटाने सर्वदूर पोचवली.

भिलाई-दुर्गच्या परिसरात मात्र पितळी वाद्यांचा सूर लोकांच्या कानी पडत आला तो मुख्यतः लग्नाच्या वरातीतून. वाद्ये तीच, गणवेशाचा थाट तोच, आणि तरीही संगीतजीवन सर्वस्वी निराळे. हा फरक गरिबीचा किंवा अर्धवट अनुकरणाचा परिणाम आहे असे म्हणून भागणार नाही. त्याचे मूळ बँड आपले संगीत कोठून उचलतो, कागदावरून की कानावरून, यात शोधावे लागते.

ब्रिटिश पितळी बँड हा मुळात वाचणारा बँड आहे. अॅडॉल्फ साक्स याने १८४० च्या दशकात सॅक्सहॉर्न कुटुंबातील वाद्ये सिद्ध केली. लहानमोठ्या आकाराची, पण एकाच तऱ्हेने बोटे टाकण्याची ही वाद्ये आल्यामुळे फुरसतीच्या वेळात शिकणाऱ्या कामगाराला वाद्यसंगीत आवाक्यात आले. पुढे स्वरलिपीचीही अशीच सोय झाली. उंच कॉर्नेटपासून प्रचंड बासपर्यंत जवळजवळ सर्वांसाठी लेखन एकाच पट्टीसंकेतात होऊ लागले; अपवाद काय तो बास ट्रॉम्बोनचा. त्यामुळे एखादा वादक आजारी पडला तर दुसऱ्या वाद्याचा माणूस त्याच्या जागी बसू शके. सुमारे पंचवीस वादकांचा संच, क्लॅरिनेट-सॅक्सोफोनसारख्या पत्तीच्या वाद्यांना मज्जाव, आणि वर्षाचा मानबिंदू म्हणजे स्पर्धा. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ पासून अशा स्पर्धा भरू लागल्या. स्पर्धेत प्रत्येक बँडला एकच नेमून दिलेली रचना वाजवावी लागे. परीक्षक पडद्याआड बसून, समोर कागद ठेवून, गुण देत. येथे कृती आधी कागदावर असते आणि वादन म्हणजे त्या कागदाशी केलेले इमान होय.

मध्य भारतात ही वाद्ये आली ती गिरणीबरोबर नव्हे, पलटणीबरोबर. नागपूरजवळ कामठी येथे १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी पडली. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर छत्तीसगडही इंग्रजी अमलाखाली आले आणि १९५६ पर्यंत त्या प्रांताचा कारभार नागपुराहून चालत राहिला. छावणी, रेल्वे आणि कचेरी यांच्या या मार्गावरूनच पलटणी बँडचा आवाज आणि त्याचा दबदबा पसरला असला पाहिजे. संस्थानिकांनी तो उचलला, त्यांच्या पाठोपाठ सावकार-मालगुजारांनी. मेरठ येथे १८८५ मध्ये नादिर अली यांची पेढी सुरू झाली. पुढे ते गाव पितळी वाद्यांच्या निर्मितीचे केंद्र बनले आणि ही वाद्ये सामान्य ताफ्यांच्या आटोक्यात आली. वाद्य विलायती राहिले नाही, बाजारातले झाले.

ब्रिटिश धर्तीचा खराखुरा सामुदायिक बँड, म्हणजे एखाद्या वस्तीने स्वतःसाठी चालवलेला, येथे आणण्याचा एक प्रयत्न मात्र झाला होता, आणि तो मराठी मुलखातच झाला. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर व त्यांचे सहकारी सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईस उतरले ते वाद्ये घेऊनच. रस्त्यावर वाजवत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांच्यावर खटले भरले. राज्यकर्त्यांच्याच वंशातील माणसे नेटिवांच्या वेशात, अनवाणी, ढोल आणि शिंग वाजवत हिंडताना पाहून सरकारची पंचाईत झाली असणार, हे समजण्यासारखे आहे. मुक्तिफौजेचा बँड आजही आहे. परंतु मराठी ख्रिस्ती समाजाच्या गाण्याला वळण लागले ते दुसरीकडून. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी इंग्रजी वृत्तांच्या भाषांतरित स्तोत्रांऐवजी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे घाट स्वीकारले. भक्ताच्या तोंडी जे बसायचे ते आधी त्याच्या कानात बसलेले असले पाहिजे, हे टिळकांनी ओळखले होते. छापील स्वरलिपीतील परकी चाल आणि कंठस्थ देशी चाल यांच्यापैकी मराठी ख्रिस्ती समाजाने दुसरीला जवळ केले, आणि नेमके हेच लग्नाच्या बँडनेही केले. एकाने शब्दांच्या वाटेने, दुसऱ्याने शब्दांवाचून.

पलटणीच्या बँडची वाद्ये येथे आली तेव्हा वाजवणाऱ्यांची जागा रिकामी नव्हती. महाराष्ट्रात देवळातील सनई-चौघडा गुरवांकडे, लग्नाची वाजंत्री कोठे घडशांकडे, कोठे मांगांकडे; हलगी-डफडे हे तर मांगांच्या नावाशीच जोडलेले. छत्तीसगडात गांडा समाजाचा 'गडवा बाजा' होता: मोहरी हे सनईच्या जातीचे दुपत्ती वाद्य आणि साथीला दफडा, निसान, टिमकी. एक सुषिर वाद्य चाल धरते आणि तीन-चार चर्मवाद्ये तिला उचलून नेतात, ही या साऱ्या ताफ्यांची समान बांधणी. विलायती बँड येथे रुजला तो या बांधणीच्या साच्यात. मोहरीच्या वा सनईच्या जागी क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट आले, टिमकीच्या जागी साइड ड्रम, निसानाच्या जागी मोठा ढोल. युफोनियमला ब्रिटिश बँडमध्ये स्वतंत्र प्रतिस्वर असतो. येथे ते बहुधा तीच चाल खालच्या सप्तकात वाजवते. स्वरसंवाद गेला, एकसुरी ठसका आला.

यात क्लॅरिनेटचे स्थान विशेष पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या काटेकोर पितळी बँडने ज्याला दाराबाहेर ठेवले, तेच वाद्य येथे पुष्कळदा ताफ्याच्या अग्रभागी, खुद्द मास्तरांच्या हाती दिसते. याचे कारण संगीतातच आहे. कॉर्नेट-ट्रम्पेटचे पडदे दाबले की स्वर पायरी-पायरीने बदलतो. मधली मींड काढायची तर पडदा अर्धवट दाबून, ओठांनी ओढून काढावी लागते. क्लॅरिनेटची भोके बोटाने हळूहळू उघडता येतात, म्हणून स्वरावरून स्वरावर घसरत जाता येते. सनई वाजवणाऱ्या घराण्यातल्या माणसाला ही ओळखीची खूण वाटली असल्यास नवल नाही. तरी संक्रमण सोपे नव्हते. सनईची नळी खालच्या बाजूस रुंदावत जाते, त्यामुळे फुंक वाढवली की तोच स्वर वरच्या सप्तकात बोलतो. क्लॅरिनेटची नळी सरळ, आणि तेथे फुंकेने मिळतो तो बारावा स्वर. म्हणजे वरच्या सप्तकाची बोटे पुन्हा नव्याने शिकावी लागत. ज्यांना लोक 'बेसूर बाजेवाले' म्हणून हसत आले, त्यांच्यातील शहाण्या वादकांनी ही अडचण पाठ्यपुस्तकावाचून, नुसत्या सरावाने ओलांडली आहे.

आता 'चाल' या शब्दाकडे वळणे प्राप्त आहे. मराठीत चाल म्हणजे चालण्याची रीत, चाल म्हणजे रूढी, आणि चाल म्हणजे गाण्याचा स्वररूप साचा. वरातीचा बँड या तिन्ही अर्थांनी चालीचा आहे, हा केवळ शब्दखेळ समजू नये. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि १८८२ मध्ये 'सौभद्र'. त्या परंपरेतील नाटकांच्या छापील प्रतींत पदावर चालीचा निर्देश येतो, आणि तो स्वरांनी केलेला नसतो. दुसऱ्या एखाद्या परिचित गीताच्या नावाने केलेला असतो. म्हणजे वाचकाला ते दुसरे गीत ठाऊक आहे हे गृहीत धरले जाते. असे पद पूर्णपणे पुस्तकात नसते; अर्धे पुस्तकात आणि अर्धे समाजाच्या कानात असते. 'मानापमान' (१९११) च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, तेव्हापासून चालीला कर्ता मिळू लागला. तथापि चालीचा निर्देश उसन्या नावाने करण्याची सवय त्यानंतरही टिकली. आज ही नाटके वाचताना अडचण येते ती येथेच. निर्देश शिल्लक आहे. निर्दिष्ट गीत कित्येकदा लोपले आहे. बोट दिसते, चंद्र दिसत नाही.

बँड याच्या नेमका उलट टोकाला उभा आहे. त्याच्याकडे चाल आहे, शब्द नाहीत. आणि तरीही शब्द आहेत, कारण ते ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतात. १९६६ मधील 'सूरज' या चित्रपटातील प्रिय व्यक्तीच्या आगमनाचे, शंकर-जयकिशन यांनी बांधलेले गीत वरातीत वाजले की मंडपात उभ्या असलेल्या कोणालाही ते शब्दांनिशी ऐकू येते. १९६८ मधील 'नीलकमल' चित्रपटातले सासरी निघालेल्या मुलीला बापाने निरोप देण्याचे गीत (शब्द साहिर लुधियानवी यांचे, चाल रवी यांची) बँडने उचलले की वधूपक्षाच्या बायकांचे डोळे भरून येतात, आणि तेव्हा एकही अक्षर उच्चारलेले नसते. आस्वादाची ही प्रक्रिया साहित्याच्या अभ्यासकाला नवी वाटू नये. संकेतावरून संहिता मनात जागी होणे हा तिचा गाभा आहे. मराठी लग्नात शब्दाला आणि वाद्याला वाटून दिलेली वेळही ठरलेली असते. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की वाद्याचे राज्य. मंगलाष्टके सुरू झाली की वाद्य गप्प. शेवटच्या 'सावधान'नंतर अक्षता पडताच पुन्हा सारी वाद्ये एकदम. बँडने सनई-ताशाकडून हे वेळापत्रक जसेच्या तसे घेतले.

चित्रपटगीतांनी बँडचा खजिना भरला, म्हणून त्याला उष्टे खाणारा समजले जाते. या गीतांचा प्रवास पाहिला तर हा आक्षेप फारसा टिकत नाही. गोव्याच्या चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणावर गोमंतकीय वादक इंग्रजी पलटणींत, संस्थानांच्या बँडांत, हॉटेलांत आणि शेवटी मुंबईच्या चित्रपटशाळांत पोचले. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांनाही कलकत्त्यात व्हायोलिन शिकवणारे लोबो हे गोमंतकीय बँडमास्तरच होते. मुंबईत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले आंतोनियो वाझ यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी संगीतकाराने गुणगुणलेली चाल स्वरलिपीत बसवली, तिला कर्ण्यांचे आणि व्हायोलिनांचे अंग दिले. ती ध्वनिमुद्रिकेवरून, रेडिओवरून गावोगावी गेली. तेथे बँडमास्तरांनी ती कानाने उचलली आणि पुन्हा पितळेत ओतली. तोंडून कागदावर, कागदावरून पितळेत, पितळेतून तबकडीत, तबकडीतून कानात आणि कानातून पुन्हा पितळेत, असा हा फेरा आहे. 'नागिन' (१९५४) मधील पुंगीची धून या फेऱ्याचे सर्वांत गमतीदार उदाहरण होय. हेमंतकुमार यांच्या त्या चित्रपटात ऐकू येणारी पुंगी ही पुंगी नव्हतीच. कल्याणजी यांनी वाजवलेले क्लॅव्हायोलिन हे विजेवरचे वाद्य आणि रवी यांचे हार्मोनियम यांतून ती घडली होती. पुढे वरातीत रुमाल तोंडाशी धरून नाचणाऱ्या तरुणांसमोर बँडच्या क्लॅरिनेटने ती वाजवली तेव्हा ती पुन्हा फुंकेच्या वाद्यावर आली. यंत्राने केलेली नक्कल माणसाच्या श्वासाने खरी केली.

उलटा प्रवासही घडतो. दिल्लीतील 'बीटिंग रिट्रीट' समारंभात सैन्याचे स्वरलिपी वाचणारे बँड २९ जानेवारीस वाजवतात. त्यात २०२२ मध्ये 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी स्तोत्र वगळले गेले आणि कवी प्रदीप यांनी लिहिलेले, लता मंगेशकर यांनी १९६३ मध्ये दिल्लीत गायिलेले सैनिकांच्या स्मरणाचे गीत घेतले गेले. त्याची चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या मराठी संगीतकाराची. त्या बदलाविषयी मतभेद झाले आणि ते होणारच. येथे नोंदवायचे ते इतकेच की कानावरची चाल कागदावर चढली.

या सर्वांत वाजवणाऱ्या माणसाचे काय झाले? बलुत्यातील वाजंत्री आणि 'सुपारी' घेऊन येणारा बँड यांत एक मोठे अंतर आहे. वाजंत्री गावकीच्या हक्काने बोलावला जाई आणि त्याच हक्काने अपमानितही होई; तो नाही म्हणू शकत नसे. बँड ठरावाने येतो, बयाणा घेतो, वेळ संपली की निघतो. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने जातीला चिकटलेली हीन मानलेली कामे टाकण्याचा आग्रह धरला, तेव्हा वाद्य ठेवून त्याच्याभोवतीची लाचारी टाकण्याची एक वाट बँडने दाखवली, असे म्हणता येते. बिल्ले आणि झालरी लावलेला तो लाल कोट हास्यास्पद वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या कोटात शिरलेला माणूस निदान वाजवत असेपर्यंत कोणाच्या उंबऱ्याबाहेर बसलेला नसे. १४ एप्रिलच्या जयंती-मिरवणुकीत बँड वाजतो त्याचा अर्थ यामुळेच अधिक गडद होतो. तरीही या सुटकेला फार वाढवून सांगू नये. लग्नघरी सर्वांआधी येणारा आणि सर्वांच्या शेवटी जेवणारा माणूस पुष्कळदा तोच राहिला. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. गणेशोत्सव आणि नवरात्र या काळात हात देतात, एरव्ही शेतमजुरी किंवा मिळेल ते काम. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत 'प्रभात', 'दरबार', 'न्यू गंधर्व' या बँडांना जो मान मिळतो, तो सगळीकडे मिळत नाही. यांतील दोन नावे ऐकताच जुन्या पुणेकराला एक चित्रपटसंस्था आणि एक नाटकमंडळी आठवल्याशिवाय राहत नाही, हे जाता जाता नमूद करावे.

भिलाईपासून फार दूर नसलेल्या खैरागढ येथे १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. एकाच दशकात, एकाच परिसरात पोलादाचा कारखाना आणि संगीताचे विद्यापीठ उभे राहिले, हा योग दुर्मिळ. परंतु संगीत म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो ती कल्पनाच राग, घराणे आणि बंदिश यांभोवती आखलेली आहे. लोकसंगीत म्हणून जपतो ते 'अस्सल' असावे लागते. बँड या दोहोंत बसत नाही. शास्त्रीय म्हणावा तर तो फिल्मी, लोकसंगीत म्हणावा तर विलायती. म्हणून त्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. बँड स्वतः ती ठेवील अशी अपेक्षाही व्यर्थ आहे. कागदावर नसलेली परंपरा नवे शिकते ते जुने विसरून. प्रत्येक लग्नसराईला नव्या गीतांची मागणी होते आणि मागच्या पिढीची नाट्यपदे मागे पडतात. एखाद्या वृद्ध मास्तरांच्या बोटांत अजून एखादी चाल असेल की जिचे नाव केवळ जुन्या नाटकाच्या पानावर कंसात उरले आहे. ती ओळखायची तर संहितेचा अभ्यासक आणि तो मास्तर यांनी एकदा समोरासमोर बसावे लागेल, आणि त्याला वेळ थोडा आहे.

वेळ थोडा आहे, कारण रस्त्यावरचा आवाज बदलला आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, तरी ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे बावीस माणसांच्या फुंकेचा निभाव लागणे कठीण झाले. नागपूरपासून राजनांदगाव, दुर्ग, रायपूरपर्यंत गेल्या काही दशकांत 'धुमाल' या ताफ्याने वरातींचा आणि मिरवणुकींचा ताबा घेतला. धुमालाची बांधणी जवळून पाहिली तर गडवा बाजाची आठवण होते: चाल धरणारे एक वाद्य आणि भोवती चर्मवाद्यांचा गजर. पितळ त्यातून गेले. चाल धरणारे ते एक वाद्य आता विजेवरचा की-बोर्ड असते, आणि वरात मंडपाच्या तोंडाशी आली की वाजवणारा त्यावरची कळ फिरवून ट्रम्पेटचा आवाज लावतो.